लिथियमच्या तपासणीत आलेल्या २.१ या आकड्याबाबत तक्रार

दि. २८ मे २०२५
खानापूर तालुका, जि. बेळगाव

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

महोदय,

माझा धाकटा भाऊ गेली अकरा वर्षं मनाचा तोल राखणाऱ्या लिथियमच्या गोळ्या घेतो, सकाळी एक, रात्री एक. इथल्या एका वीटभट्टीचा हिशेब आणि ट्रॅक्टर दोन्ही तोच सांभाळतो, आणि गोळी चालू आहे म्हणूनच सांभाळू शकतो. या औषधात पुरेसं आणि जास्त यांत अंतर फार थोडं. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्तातलं प्रमाण बघायचं, सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉईडसाठी टीएसएच. त्यात मे महिन्यात भट्टीवर घाम फार जातो. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साचतं, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या वर्षीच सांगून ठेवलंय.

१६ मे रोजी आपल्या बेळगावच्या केंद्रात रक्त दिलं. आदल्या दिवशी आपला मेसेज आला होता, "उपाशीपोटी या." उपाशी म्हणजे अन्न नको, एवढंच मला कळलं. त्यामुळे सकाळी आठची गोळी मीच त्याला पाण्याबरोबर दिली आणि आम्ही बस धरली. सव्वादहाला रक्त काढलं. काउंटरवर दोनदा विचारलं, "काही खाल्लं काय?" गोळी कधी घेतली, हे एकदाही नाही. उलट फॉर्म भरणाऱ्या बाईंनी दहा माणसांसमोर मोठ्यानं विचारलं, "डोक्याची गोळी आहे काय?" भाऊ खाली मान घालून बसला.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला. लिथियम २.१, ठळक अक्षरात, पुढे लाल 'एच', म्हणजे जास्त. शेजारी ०.६ ते १.२ अशी मर्यादा. त्याखाली बारीक अक्षरात एवढंच, की लक्षणांशी ताडून बघावं. कोणी ताडायचं, मी? हेल्पलाइन लावली. तिथे कन्नड, हिंदी आणि इंग्रजीसाठी बटणं आहेत, मराठीसाठी नाही. शेवटी केंद्राचा नंबर शोधला. तिथून उत्तर मिळालं, "लेव्हल लई वाढल्यात, गोळ्या बंद करा." डॉक्टर सोमवारीच भेटणार होते. आम्ही गोळ्या बंद केल्या.

रविवारी रात्री दोन वाजता भाऊ अंगणात बसून विटांच्या ट्रिपा मोजत होता. एक ते चाळीस, परत एकपासून. गोळी बंद झाल्यामुळे की 'विष झालंय' या धास्तीनं, ते मी सांगू शकत नाही. पण अकरा वर्षांपूर्वी सुरुवात अशीच झाली होती, म्हणून मीही त्याच्या शेजारी पहाटेपर्यंत बसून राहिले.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी भावाला चालायला लावलं, हात पुढे धरायला सांगितले. झोक जातो काय, जीभ जड होते काय, उलट्या-जुलाब आहेत काय, अंगदुखीवर एखादी गोळी खाल्ली काय? यातलं काहीच नव्हतं. "मग हा आकडा या माणसाचा वाटत नाही," म्हणाले. पुढे त्यांनी दोन प्रश्न विचारले. शेवटची गोळी आणि रक्त यांत किती तास गेले? आणि नळीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं?

पहिल्याचं उत्तर सव्वादोन तास. हवे होते बारा! रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. ०.६ ते १.२ ही मर्यादा बारा तासांनंतरच्या रक्तासाठीच आहे. गोळी घेतल्यावर पहिले काही तास प्रमाण वर चढतंच. दुसऱ्याचं उत्तर भावानं चटकन दिलं, "हिरवं. आमच्या ट्रॅक्टरसारखं." तेव्हा कळलं की त्या हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बहुतेक वेळा लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. म्हणजे जे मोजायचं तेच नळीत आधीपासून!

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. प्रमाण स्थिर व्हायला आठवडाभर तरी द्यावा लागतो, म्हणून २६ तारखेला परत आपल्याच केंद्रात आलो. वेळ बरोबर नऊ. मुलानं ट्रेमधून पुन्हा हिरवं झाकणच उचललं. मी थांबवलं, तर म्हणाला, "सगळ्यांचं ह्यातच घेतो की, आक्का." पोरगा सरळ होता, माझा राग त्याच्यावर नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वरिष्ठांना बोलावल्यावर लाल झाकणाची नळी आली. रिपोर्ट ०.८.

१६ तारखेला कुठली नळी वापरली, हे आपल्या नोंदीत असेल. ते तपासून मला लेखी कळवावं. पहिल्या तपासणीची पावतीवरची रक्कम आणि दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळावेत. बसभाडं मी मागत नाही. मात्र "गोळ्या बंद करा" हा सल्ला फोनवर कोणी आणि कुठल्या अधिकारात दिला, याचं उत्तर पैशापेक्षा मला जास्त हवंय. मिरगीची, हृदयाची औषधं घेणारेही आपल्याकडे रक्त देतात. त्यांच्याही फॉर्मवर 'शेवटचा डोस किती वाजता' असा रकाना नाही, तो मी दोन्ही वेळा शोधला.

दोन्ही रिपोर्ट आणि पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. उत्तर मराठीत द्यावं, कन्नडात आलं तरी वाचू. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे. आम्ही नऊला पाच मिनिटं असताना केंद्रात हजर असू.

आपली,
रुग्णाची बहीण