दवाखान्याचं अंतर विड्यांत मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दवाखान्याची बातमी आली की बहुतेक वेळा बेड किती, मशीन कुठलं आलं आणि इमारतीला किती कोटी लागले एवढंच असतं. ते छापायला पाहिजेच, पण इथं सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, बसून ती बातमी वाचली की माझ्या डोक्यात एकच येतं, त्या बेडपर्यंत आमच्या गल्लीतलं माणूस पोचतं का, आणि पोचलं तर त्याला नीट बघतात का. त्यावरच लिहायचंय. पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी शेजारच्या अम्माचं सांगते. वय साठीच्या पुढं, चाळीसेक वर्षं विड्या वळतीय. मी मराठी घरातली पण ह्याच गल्लीत वाढले म्हणून मला तेलुगू येतं, अम्माला मराठी येतं ते भाजी घेण्यापुरतं. मागच्या थंडीत तिला चार पायऱ्या चढल्या तरी दम लागायला लागला, रात्री उठून भिंतीला टेकून बसायची. घरचे सगळे दवाखान्यात जा म्हणायचे आणि ती रोज 'उद्या' म्हणायची. का, तर दवाखान्याचा दिवस म्हणजे हजार विड्या गेल्या. पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायचं, कट्टे बांधून कारखान्यात न्यायचे, तिथं छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की ती वजा आणि उरलेल्याची हजारावर मजुरी. महिन्याचा पगार नाही, आजारपणाची रजा नाही, ज्या दिवशी सूप मांडीवर आलं नाही त्या दिवशी पैसा नाही. दवाखाना शेअर रिक्षानं अर्ध्या तासाच्या आत आहे, म्हणजे नकाशावर जवळच आहे, पण अम्माच्या हिशोबात तो हजार विड्या लांब आहे.

शेवटी सुनेनं धरून नेलं. आठला घरातून निघाल्या, केसपेपरच्या लाईनीत उभं राहून नंबर लागला तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले. सून कसलातरी शिक्का आणायला दुसऱ्या खिडकीवर गेली आणि नेमकं त्याच वेळी अम्माला आत बोलावलं. डॉक्टर तरुण मुलगा, बाहेरच्या जिल्ह्यातला, त्यानं चांगलं विचारलं की आजी काय होतंय. अम्मा म्हणाली, "आयासम, आयासम." तेलुगूत आयासम म्हणजे धाप लागणं. मराठीत आयास म्हणजे कष्ट. त्याला वाटलं म्हातारी कष्टानं दमलीय. शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या, छातीला नळी लावलीच नाही, पुढचा पेशंट. घरी आल्यावर मी विचारलं काय म्हणाले, तर अम्मानं गोळ्या दाखवल्या आणि म्हणाली, "ते काय सांगलालेत ते कळंनाच की मला." पंधरा दिवसांनी रात्री दोन वाजता तिला खासगीत न्यावं लागलं, ऑक्सिजन लावला, फुप्फुसाचा जुना आजार निघाला, रोज पंप ओढायला सांगितलाय. बिलासाठी सुनेच्या कानातलं गहाण पडलं ते अजून तिथंच आहे. दवाखान्यांची नावं मी लिहीत नाही, आणि त्या मुलावर राग काढायला पण लिहीत नाही, त्याच्या दाराबाहेर शंभर माणसं उभी होती. पण दोन मिनिटं जास्त आणि तेलुगू समजणारं एक माणूस एवढं असतं तर ते कानातलं कानात राहिलं असतं, हे मला रोज टोचतं.

माझं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, झालंय, आता टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटचं काम करते. शिकताना आरोग्यसेवेतल्या विषमतेवरचं जे संशोधन परीक्षेपुरतं वाचलेलं ते अम्माच्या प्रकरणानंतर परत काढून वाचलं. वेल्समध्ये कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९७१ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात लिहिलं की जिथं आजार जास्त, गरज जास्त, तिथं चांगली सेवा कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हातात जाते तितकं हे वाढत जातं. खाणीच्या जागी विडी आणि पॉवरलूम ठेवा, आपल्या शहराच्या पूर्व भागाचंच वर्णन आहे. दिवसभर तंबाखूची धूळ आणि कापसाचा तूस ओढणारी फुप्फुसं इकडं, छातीचे मोठे डॉक्टर तिकडं.

दुसरं एक काम २०१८ चं आहे, त्यातले आकडे वाचून मी दोन दिवस गप्प होते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १३७ देशांचा हिशोब मांडलाय, की वेळेत नीट उपचार मिळाले असते तर वाचली असती अशी माणसं वर्षाला ८६ लाख जातात. त्यातली ३६ लाख दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत आणि ५० लाख पोचतात, पण उपचार नीट होत नाहीत म्हणून जातात. एकट्या भारताचा २०१६ चा आकडा बघा, पोचले नाहीत म्हणून गेले सुमारे ८ लाख ३८ हजार, आणि पोचूनही सेवा धड नव्हती म्हणून गेले १६ लाख. म्हणजे जवळपास दुप्पट. आपण सगळे दवाखाना पाहिजे दवाखाना पाहिजे म्हणून मोर्चे काढतो ते बरोबरच आहे, पण दाराच्या आत गेल्यावर काय होतं ते कोण बघतंय? २०१७ मध्ये ६७ देशांच्या माहितीचा एक अभ्यास आला होता, पेशंटला डॉक्टर किती वेळ देतात ह्याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात दोनच्या आसपास. दोन मिनिटांत मराठी पेशंटचं मराठी डॉक्टरला कळायची मारामार, तिथं आयासम कधी कळणार.

आता कुणी म्हणेल योजना आहेत की. आहेत, आणि त्यांचा उपयोग पण झालाय, ते नाकारायचं नाही. आता जी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ती २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, आमच्या गल्लीत दोघांच्या हृदयाचं काम त्यातून झालंय. पण ती मुख्यतः ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. अम्माचा पंप, बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, ज्या मरेपर्यंत दर महिन्याला लागतात, त्या बहुतेकांच्या खिशातूनच जातात. सरकारच्याच हिशोबाप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ ला ६४ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९ वर आलाय, चांगली गोष्ट आहे, पण ज्या घरात आठवड्याचा हिशोब विड्यांवर चालतो तिथं हा ३९ टक्क्यांचा भार पण पाठ मोडतो. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यानं कल्याण निधी झाला, विडीवर सेस, म्हणजे त्यासाठीचा वेगळा कर, होता, त्यातून कामगारांचे वेगळे दवाखाने चालायचे. २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेस गेला. दवाखाने आता सरकारच्या बजेटवर अवलंबून आहेत, विडीतून येणारा हक्काचा पैसा राहिला नाही. ही गोष्ट गल्लीत कित्येकींना माहीतच नाही, विडी कामगाराचं कार्ड मात्र सगळ्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय.

मला जे मागायचंय ते खरं सांगायचं तर इमारत नाही, मोजमाप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं त्यात जिल्ह्याचा एक आकडा येतो. त्या एका आकड्यात अकलूजचा बागायतदार, होटगी रोडचा बंगला आणि घरकुलातली आमची खोली सगळं एकत्र कालवलेलं असतं. सरासरी बरी निघाली की सगळे खूश, आणि त्या सरासरीच्या खाली अम्मा दिसतच नाही. नीट मोजलं की काय बाहेर येतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं, १९८९ ला ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये ह्या बायका नव्हत्याच, कारण रजिस्टरमध्ये आलेल्याच माणसाची नोंद होते, न आलेल्याची होत नाही. आणि शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावलं, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख पण नव्हती. त्यांना गावाचं दुखणं गावाच्या शब्दांत कळत होतं. आमच्याकडं तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारही बोलणाऱ्या दहावी-बारावी झालेल्या पोरी गल्लीगल्लीत आहेत. ओपीडीच्या दारात अशी एक पोरगी बसवायला किती खर्च येणार आहे?

आपल्या शहरात विद्यापीठ आहे, सरकारी मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, तिथं कम्युनिटी मेडिसिनचा, म्हणजे वस्तीच्या आरोग्याचा अभ्यास करणारा, विभाग असतो, समाजशास्त्र शिकणारी पोरं आहेत, महापालिकेच्या आरोग्य केंद्रांचं जाळं आहे. सगळ्यांनी मिळून एक वर्ष पूर्व भाग वेगळा मोजावा. घरोघरी जाऊन, आणि संध्याकाळी जावं, कारण दिवसा गेलं तर बाई हातातलं काम सोडून बोलणार नाही. विचारायचं साधं आहे. आजारी पडल्यापासून दवाखान्यात जाईपर्यंत किती दिवस गेले, त्या दिवशी किती विड्या किंवा किती तास लूम बुडाला, डॉक्टरसमोर किती वेळ बसलात, अंगाला हात लावून तपासलं का, औषध आत मिळालं की बाहेरून आणलं, आणि गोळी कशी घ्यायची ते आत्ता मला सांगता येईल का. ह्यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दर्जा म्हणजे काय ते त्याच्या उत्तरात कळतं, भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटवरून कळत नाही. हे आकडे पेठवार, कामवार छापले की मग कुठं संध्याकाळची ओपीडी पाहिजे आणि कुठं भाषा येणारं माणूस पाहिजे ते भांडायला आमच्या हातात काहीतरी येईल. नुसतं 'आमचे हाल होतात' म्हणून निवेदन दिलं की पोच मिळते, पुढं काही होत नाही, हे मी तीनदा बघितलंय.

तुमच्या पेपरनं एवढं करावं, हे सहा प्रश्न एका चौकटीत छापावेत, जमलं तर तेलुगूतून पण. वाचक कापून घेतील, दवाखान्यात जाताना नेतील.

येत्या मंगळवारी अम्माची परत तारीख आहे. मी अर्धी रजा टाकलीय, सोबत वही घेऊन जाणार आहे, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या सगळ्या वेळा लिहून बुधवारी तुम्हाला पाठवते.

आपली,
एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर
(कृपया नाव छापू नये, अम्माच्या घरच्यांना ओळखू यायला नको)