चौरस फुटांबरोबर मधली जागाही मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख परवडणारी घरं बांधायचं ठरलंय. धारावीकरांना ३५० चौरस फुटांचं घर मिळणार म्हणतात. पण त्या घराच्या खिडकीसमोर काय असेल, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मी मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि आरोग्यसेविका म्हणून याच भागात घरोघर फिरते. खोली २२५ चौरस फुटांची, समोरची इमारत ३ मीटरवर. खिडकी उघडली की समोरच्यांचा टीव्ही दिसतो, म्हणून पडदा. मधल्या फटीत वरून टाकलेला कचरा आणि गळक्या पाइपांचं पाणी साचतं. वास आणि डास नकोत म्हणून खिडकीच बंद. तरी संध्याकाळी कॉइल लावावी लागतेच. ओट्यावर एक्झॉस्ट पंख्याला जागा नाही, मिरचीची फोडणी दिली की अख्खा पॅसेज शिंकतो. पावसाळ्यात कपडे घरातच पंख्याखाली वाळतात आणि भिंतींना बुरशी धरते. भरदुपारी ट्यूब लावून बसतो, त्यामुळे विजेचं बिल सातव्या मजल्यापेक्षा आमचं जास्त.

झोपडी बरी होती असं मी म्हणणार नाही. घरात संडास आला याची किंमत बाईला विचारा.

पण क्षयाच्या गोळ्या द्यायला निघते तेव्हा मला फार जिने चढावे लागत नाहीत; रुग्ण बहुतेक खालच्याच मजल्यांवर असतात. आणि हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेची इथल्या तीन वसाहतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये ८ ते १० टक्के घरांत क्षयरुग्ण निघाले. जास्त मोकळी जागा असलेल्या पीएमजीपी कॉलनीत सुमारे १ टक्का. खालच्या मजल्यांवर आजार अधिक. खोकल्यातून उडालेले जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा असला तर ते बाहेर जातात, ऊन असलं तर मरतात. इथे दोन्ही नाही. सरकार रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १००० रुपये देतं, ते चांगलंच. पण बरा झालेला माणूस पुन्हा त्याच खोलीत झोपतो.

पुनर्वसनाचं घर २२५ चौरस फुटांवरून २६९ वर गेलं, मग ३०० वर. दर वेळी श्रेय घ्यायला पुढारी हजर. पुनर्वसन इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत मिळणाऱ्या सवलतींबद्दल मात्र एकही मोर्चा मी पाहिला नाही.

तळमजल्याच्या खोलीत किती तास ऊन येईल, वारा किती खेळेल, हे बांधायच्या आधीच संगणकावर काढता येतं. तो तक्ता जोडल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये. प्रत्येक ओट्यावर धूर बाहेर काढायची सोय असावी. जुन्या वसाहतींत निदान मधल्या फटीतला कचरा रोज उचला आणि पॅसेजच्या टोकाच्या बंद खिडक्या उघडा. त्याला कुठलं धोरण लागत नाही. आणि तो तक्ता ताबा घेण्याआधी रहिवाशांना मराठीत वाचायला मिळावा. पहिला मजला की सातवा, हे चिठ्ठीवर ठरतं; पदरात काय पडतंय एवढं तरी कळेल.

एक आरोग्यसेविका, मानखुर्द
(कृपया नाव छापू नये.)