पालकांना कॉलेजच्या नावापलीकडचं दिसू द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदार्थविज्ञान शिकवतो. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की पंचक्रोशीतले पालक पर्याय अर्ज, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम, भरायला माझ्याकडे येतात. सोबत फाइल असते आणि फायलीत मार्कलिस्ट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. सगळी कागदपत्रं टेबलावर मांडून झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, नाव कुठल्या कॉलेजचं मोठं आहे?" मुलाला काय आवडतं, गणित झेपतं की नाही, पैसे किती लागतील, हे सगळं त्यानंतर येतं. कधी कधी येतच नाही.

शिक्षणावरच्या परिसंवादांत या पालकांना हमखास बोल लावला जातो. पालकांना नावाचं वेड लागलंय, मुलांवर अपेक्षा लादतात, 'कंप्युटर'शिवाय त्यांना काही दिसत नाही, असं म्हटलं जातं. हे पत्र लिहायला बसलो ते याला माझा विरोध आहे म्हणून. नावामागे धावणारा पालक माझ्या डोळ्यांनी रोज बघतो आणि तो मला वेडा वाटत नाही. चार वर्षांसाठी पाच-सात लाख रुपये आणि पोटचं पोर ज्याच्या हवाली करायचं, त्या संस्थेविषयी नाव सोडून दुसरी कुठलीही खात्रीची माहिती त्याला मिळत नाही. मग तो नावावर जाणार नाही तर कशावर जाणार?

एक प्रवेश जरा सविस्तर सांगतो. शेजारच्या गावातलं कुटुंब, प्रवर्ग ओबीसी, चार एकर जमीन, वडिलांचं पिठाच्या गिरणीचं दुकान. मुलीला सीईटीत बऱ्यापैकी पर्सेंटाइल होतं आणि तिला इलेक्ट्रिकल करायचं होतं. मामा महावितरणमध्ये. लहानपणापासून त्याच्यासोबत डीपीजवळ उभं राहून तिनं फ्यूज बदलताना पाहिलेलं. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून तिला एका चांगल्या जुन्या कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं होतं. वडिलांनी मात्र निकालाआधीच पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात पैसे भरून जागा 'बुक' केली होती. कंप्युटर आणि पुढे एआयची शेपटी असलेली शाखा. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "सर, कॉलेजपेक्षा युनिव्हर्सिटी मोठीच की. आन् एकदा पोरगी पुण्याला युनिव्हर्सिटीत हाय म्हटलं, की सोयरिकीला माणसं पुढून येतेत."

त्यांना एक गोष्ट कुणीच सांगितलेली नव्हती. 2024 च्या जुलैमध्ये आपल्याच सरकारनं निर्णय काढून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. निर्णय फार चांगला आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण त्यावर उभं आहे. पण ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत. मी हे सांगितल्यावर वडील बराच वेळ फायलीतले कागद वरखाली करत राहिले. "म्हंजे तिथं माफी न्हाई?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. भरलेले पैसे कसे सोडायचे, भावकीत काय सांगायचं, यावर दोन दिवस घरात बोलणी झाली आणि मुलगी शेवटी पुण्यालाच गेली. पतसंस्थेचं कर्ज काढून.

त्या दोन दिवसांत तिची आई एक वाक्य बोलली, ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या, तिथं शिकवायला कोण हाय ते सांगा की सर." माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता, इंटरनेट चालू होतं. तरी मला सांगता आलं नाही. ना त्या विद्यापीठाबद्दल, ना त्या जुन्या कॉलेजबद्दल.

मंत्रिमहोदय, प्रवेशाच्या वेळी पालकासमोर शासनाकडून जे येतं ते एकदा आपण स्वतः उघडून पाहावं. कट-ऑफची यादी असते शेकडो पानांची. इंग्रजीत. प्रत्येक शाखेखाली प्रवर्गांचे सांकेतिक रकाने आणि रकान्यात गुणवत्ता क्रमांक, त्याखाली कंसात पर्सेंटाइल. या यादीतून पालकाला एकच गोष्ट कळते : गेल्या वर्षी इतर लोकांनी काय निवडलं. कट-ऑफ जास्त म्हणून कॉलेज चांगलं आणि कॉलेज चांगलं म्हणून पुढच्या वर्षी कट-ऑफ आणखी जास्त. ज्या कॉलेजचा कट-ऑफ एकदा खाली आला, तिथं उद्या कितीही चांगले शिक्षक आले तरी ते त्या यादीत कुठंच दिसत नाहीत.

त्यातच 2025-26 पासून नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होतं. जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसावा हा हेतू मला पटतो. पण याचा अर्थ असा की पर्यायांचा क्रम लावताना जी चूक होईल ती चार वर्षं निस्तरावी लागणार. नियम इतका कडक करताना निवडीसाठी लागणारी माहितीही तेवढीच पक्की द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही.

मग माहितीची ही पोकळी कोण भरून काढतं? फ्लेक्स. तालुक्याच्या चौकात मे महिन्यापासून लागतात. 'सर्वाधिक पॅकेज' इतके लाख. ते पॅकेज एका मुलाला मिळालेलं असतं. बाकीच्यांचं काय झालं, किती जणांना नोकरीच लागली नाही, किती जण चार वर्षांत पासच झाले नाहीत, हे फ्लेक्सवर नसतं. माहितीपत्रकात नसतं. कॉलेज दाखवायला फिरवणारा माणूसही ते सांगत नाही. तो वातानुकूलित सभागृह दाखवतो.

खरं म्हणजे माहिती गोळा होत नाही असं नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी संस्था ठरलेल्या मुदतीत किती विद्यार्थी पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे दरवर्षी भरून देते. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था एआयसीटीई प्रत्येक संस्थेला 'मँडेटरी डिस्क्लोजर', म्हणजे सक्तीनं जाहीर करायची माहिती, संकेतस्थळावर टाकायला लावते. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी ठरवून देतं. म्हणजे तुकडे सगळे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या दारांमागे आहेत, इंग्रजीत आहेत आणि गिरणी चालवणाऱ्या माणसाला ते शोधता येतील अशी सोय कुणी केलेली नाही. शिवाय यातली बरीचशी आकडेवारी संस्थेनं स्वतःच भरलेली असते. एनआयआरएफमध्ये दहा टक्के भार तर संस्थेविषयी लोकांचं मत काय आहे याला, म्हणजे सरळ प्रतिष्ठेलाच आहे. सरकारी क्रमवारीच नावाला गुण देत असेल, तर पालकानं नावाकडे पाहू नये असं आपण कोणत्या तोंडानं सांगायचं?

नावं मुळात तयार कशी झाली तेही पाहावं. इंजिनिअरिंग आणि तंत्रशिक्षणातली मोठी नावं घ्या : पुण्याचं सीओईपी 1854 पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, माटुंग्याची आयसीटी 1933 ची. तिथल्या शिक्षकांनी आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आणि नाव मिळवलं. आणि हे फक्त पुण्या-मुंबईतच घडत होतं असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, साताऱ्यात 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत, बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या रूपानं उच्च शिक्षण त्या माणसांच्या दारापर्यंत नेलं, ज्यांना पुण्या-मुंबईची वाटच माहीत नव्हती. त्या कॉलेजांवर खेड्यातल्या आई-बापांचा विश्वास बसला तो इमारती पाहून नव्हे. तिथं कोण शिकवतं हे त्यांना माहीत होतं.

आज त्याच परंपरेतल्या कॉलेजांत काय दिसतं? राज्यात सहायक प्राध्यापकांची हजारो पदं रिकामी आहेत. नेट-सेट, पीएच.डी. झालेली मुलं-मुली तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवतात. त्यांचं मानधन महिनोन्‌महिने येत नाही. आमच्याच भागातला एक तरुण सहकारी सकाळी कॉलेजात तास घ्यायचा आणि दुपारनंतर खासगी क्लासमध्ये. शेवटी त्यानं क्लासच पत्करला. तो गेला तेव्हा त्याच्याकडे शिकायचं म्हणून आमच्याकडे राहिलेली तीन-चार मुलंही गेली. त्यांच्या पालकांना मी काय म्हणून थांबवणार होतो? तालुक्याच्या कॉलेजवरचा विश्वास उडाला तो असा, एकेक माणूस निघून जात. आणि तो उडाल्यावर पालकाला पुणेच दिसतं.

दहावीनंतरचीही तीच कथा. अकरावीचा प्रवेश एका कॉलेजात, हजेरी कागदावर, आणि मुलगा दोन वर्षं लातूरला नाहीतर राजस्थानातल्या कोट्याला क्लासमध्ये. तो विषय आपल्या खात्याचा नाही, म्हणून फार लिहीत नाही. पण पॉलिटेक्निक आपल्याकडेच आहे. दहावीनंतर पदविका आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, हा मार्ग गरीब घरातल्या मुलासाठी किती सोयीचा आहे. कारखान्यात हात काळे करून आलेली ही मुलं वर्गात प्रश्नही चांगले विचारतात. तरी 'डिप्लोमा' म्हटलं की पालक तोंड वाकडं करतात, कारण पदविका घेऊन मुलगा पुढे कुठे पोचला हे त्यांना कुणी आकड्यांत दाखवलेलं नाही.

माझी मागणी मोठी नाही. पर्याय अर्ज भरताना प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेसमोर मराठीत एक पान उघडावं. मंजूर पदं किती, त्यांतली कायम शिक्षकांनी भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती. चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी वेळेत पदवीधर किती झाले. नोकरी किती जणांना लागली आणि मधला पगार किती. चार वर्षांचा एकूण खर्च, वसतिगृह आणि मेससकट. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, या जागेला शुल्कमाफी लागू आहे की नाही. हे आकडे तंत्रशिक्षण संचालनालयानं तपासावेत आणि खोटे निघाले तर त्या शाखेची प्रवेशक्षमता कापावी. खासगी विद्यापीठांनाही त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत माफी लागू नसल्याचं लिहिणं बंधनकारक करावं. 2024-25 पासून एआयसीटीईनं शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली आणि कंप्युटरच्या जागा भराभर वाढल्या. वाढीव जागांसाठी शिक्षक कुठून आले, हे तर त्या पानावर असलंच पाहिजे.

याला नवा कायदा लागत नाही. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांची पदं, पगार, निकाल यांची सगळी आकडेवारी आपल्याच खात्यात पडून आहे. सुरुवात तिथून करावी, येत्या जूनच्या माहितीपुस्तिकेपासून. रिकाम्या पदांचे रकाने लोकांना दिसले तर खात्याची नाचक्की होईल, अशी भीती आपल्याला कुणी घालेल. ते रकाने दिसले तर पदं भरण्यासाठी माझ्यासारखे हजारो शिक्षक आणि लाखो पालक आपल्या बाजूनं अर्थ खात्याकडे बोलतील, हेही लक्षात घ्यावं.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिच्या आईचा प्रश्न अजून तोच आहे, आणि जुलैत ती फाइल घेऊन येईल तेव्हा तिला दाखवायला मला ते एक पान हवं आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक प्राध्यापक, सोलापूर जिल्हा