परग्रहांची हवा आणि रस्त्यावरचे दिवे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात एका शाळेत सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांविषयी बोलायला गेले होते. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, त्या ग्रहांवरची हवा अंतराळातली दुर्बीण बघते ना? मग जमिनीवरच्या दुर्बिणी कशाला?" तिला जे सांगितले ते नाशिककरांनाही सांगायचे आहे.

वरण उतू जाऊन गॅसवर सांडले की ज्योत पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची खूण. हीच खूण 2008 साली टेक्सासमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीने 64 प्रकाशवर्षांवरच्या एचडी 189733 बी या ग्रहाच्या वातावरणात शोधली. फरक इतकाच, की तिथे तो रंग उजळत नाही, हरवतो. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो आणि नेमका तो पिवळा किंचित कमी पडतो.

मध्ये आपलीही हवा आहे, तीही काही रंग गाळते. प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, हरवलेल्या रंगांच्या जागी काळ्या रेषा दिसतात, आणि आपल्या हवेच्या रेषा ग्रहाच्या रेषांत मिसळतात. यावरची युक्ती मला फार आवडते. रामकुंडावर संध्याकाळी घाटावरचे दिवे जागच्या जागी असतात. पाण्यात सोडलेला द्रोणातला दिवा तेवढा सरकतो, म्हणून नजर त्याला धरते. ग्रह ताऱ्याभोवती वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या वर्णरेषा सरकतात. पृथ्वीच्या हवेच्या रेषा हलत नाहीत. याच आधारावर 2010 साली चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'ने एचडी 209458 बी या ग्रहावर कार्बन मोनॉक्साइड ओळखला आणि तिथल्या वाऱ्यांचाही अंदाज दिला. इतका बारीक वर्णपट घ्यायला मोठा आरसा लागतो, आणि सर्वांत मोठे आरसे जमिनीवरच आहेत.

माझ्या आठ इंची दुर्बिणीला वातावरण दिसणार नाही. पण एचडी 189733 बी आड येताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे अडीच टक्के घटतो, आणि ती घट मी अंजनेरीच्या पायथ्याहून कॅमेऱ्यात टिपली आहे. तो आलेख घरी कपाटाच्या दारावर लावलाय. गच्चीवरून मात्र दोनदा प्रयत्न फसला. समोरच्या नव्या खांबाचा पांढरा झोत थेट दुर्बिणीत शिरतो.

2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत. भाविकांना उजेड हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण तो पायाखाली पडावा. दिव्यांना वरून टोप्या, पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड आणि गर्दी नसेल तेव्हा मध्यरात्रीनंतर तो मंद, एवढेच मागते. लडाखमध्ये हानले इथे, जिथे आपली 2 मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, 2022 साली रात्रीचा अंधार राखण्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. आपण निदान त्र्यंबक रस्त्यापुरते करू शकतो.

पावसाळा संपला की त्या मुलीच्या वर्गाला अंजनेरीला न्यायचे ठरले आहे. खांब उभे राहण्याआधी संबंधितांनी हे पत्र वाचावे.

एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक