किल्ली फोनवाल्याकडेच राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकण्यावर बंधने येणार, या बातमीवरून माझ्या दुकानात रोज वाद होतो. मी सीताबर्डीत मोबाइल दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसे माझ्याच काउंटरवर येतात.

गेल्या महिन्यात मानेवाड्याचे एक निवृत्त काका आले. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की ॲप टाकणारी फाइल, आली, त्यांनी उघडली, ओटीपी चोराकडे गेले आणि पेन्शनचे खाते साफ. फोनने इशारा दिला होता. पण त्याच वेळी कॉलवर कानाशी कुणीतरी म्हणत होते, “काका, अलाऊ दाबा, नाहीतर लायसन्स रद्द होईल.” आणि इशारा तरी कसला, तर ‘अज्ञात स्रोत’! ‘हे ॲप तुमचे सगळे एसएमएस वाचेल’ असे सरळ लिहिले असते तर काकांचे बोट अडखळले असते, असे मला वाटते.

असे प्रकार पाहिले की मलाही वाटते, लावून टाका कुलूप. पण ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने जाहीर केलेले कुलूप वेगळेच आहे. ॲप कुठूनही घ्या, ते बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली हवी. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग २०२७पासून इतरत्र. ओरड झाल्यावर जाणकारांना नोंद नसलेली ॲप्सही टाकता येतील अशी वेगळी वाट ठेवू, असे त्यांनी सांगितले. म्हणजे वाट आहे, पण ठेवायची की नाही हे ठरवणार तेच.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने दुकानासाठी एक ॲप बनवले आहे. कोणता डिस्प्ले कोणत्या खणात आहे, कुणाची उधारी बाकी आहे, एवढेच त्यात असते. आमच्या तीन फोनांवर ते छान चालते. संगणकाला केबल लावून ते यापुढेही टाकता येईल म्हणतात, पण माझ्याच फोनवर माझ्याच मुलीचे ॲप टाकायला ही यातायात का?

शिवाय ओळख मागितल्याने चोर अडेल, हे मला पटत नाही. भाड्याची बँक खाती वापरणाऱ्यांना भाड्याची ओळख मिळणे काय कठीण? सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने प्ले स्टोअरवरून २,२००हून अधिक फसवी कर्जवाली ॲप्स हटवली, असे सरकारनेच संसदेत सांगितले होते. ती तर राजरोस पुढच्या दाराने आली होती.

आपल्याकडे हा मुद्दा नवा नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा बाहेरून ॲप टाकण्यात अडथळे आणू नका, असेही बजावले होते. मार्च २०२३मध्ये अपिलात दंड टिकला, ही सूचना मात्र रद्द झाली. युरोपात कायद्यापुढे ॲपललाही मार्च २०२४मध्ये दुसऱ्या ॲप स्टोअरना आयफोनवर येऊ द्यावे लागले. आपल्याकडचा आयफोन अजून तसाच बंद आहे.

मला पटणारे कुलूप गूगलनेच ॲन्ड्रॉइड १६मध्ये बनवले आहे. अनोळखी माणसाशी कॉल चालू असताना ब्राउझर किंवा व्हॉट्सॲपला ॲप टाकण्याची नवी परवानगी देताच येत नाही. कॉल ठेवा, मग काय ते करा. चोराचा सगळा खेळ त्या कॉलवरच चालतो. पण काकांचा फोन २०२० सालचा होता आणि माझ्याकडे येणारे बहुतेक फोन त्याच वयाचे असतात. ओळखपत्रे गोळा करण्याआधी ही एक सोय गूगलने जुन्या फोनांपर्यंत पोहोचवावी.

– एक मोबाइल दुरुस्तीवाला, सीताबर्डी, नागपूर