रेघ तुटू न देण्याचं काम

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आई, तीस वर्षं तू जंगलाचा कार्बन मोजतेच आहेस. मोजून झालं काय?’ मी गप्प बसले. राग आला म्हणून नव्हे, उत्तर फोनवर मावणारं नव्हतं म्हणून. आता तू स्वतः परिसंस्थेच्या अभ्यासात पीएचडी करायचं म्हणतेस, तर ते नीट लिहूनच पाठवते.

चार्ल्स कीलिंग या माणसापासून सुरुवात करते. 1950 च्या दशकात तो तरुण रसायनशास्त्रज्ञ काचेचे पाच लिटरचे निर्वात फुगे घेऊन जंगलांत, डोंगरांवर जायचा. स्लीपिंग बॅगमध्ये झोपायचं, दर काही तासांनी उठून फुग्यात हवा भरून घ्यायची, की पुन्हा झोप. रात्री-अपरात्री उठायची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नव्हती. पण उठला म्हणून त्याला दिसलं की जंगलातली हवा रात्री वेगळी असते. झाडं आणि माती श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि दुपारी हवा ढवळली गेली की जिकडे मोजावं तिकडे जवळपास तोच आकडा येतो, दहा लाखांत साधारण 310 भाग. मार्च 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, त्याचं यंत्र सुरू झालं. पहिला आकडा 313.

पुढचे काही महिने फार सुंदर आहेत. मेपर्यंत आकडा चढला, मग उतरत गेला, आणि शरदानंतर पुन्हा चढू लागला. उत्तर गोलार्धातली झाडं पालवताना हवेतला कार्बन ओढून घेतात आणि पानगळ कुजताना परत देतात, ते त्या कागदावर उमटत होतं. अख्ख्या गोलार्धाचा श्वास! मी विद्यार्थिनी असताना तो आलेख पहिल्यांदा पाहिला आणि मला दुसरं काही करायचंच नाही हे तेव्हाच ठरलं.

पण हे हेलकावे पाहून तो थांबला असता, तर दर वर्षी पुढचा हेलकावा मागच्यापेक्षा थोडा वरच बसतो हे कळलं नसतं. त्यासाठी वर्षं जावी लागतात, आणि पैसे देणाऱ्यांना वर्षं मोजणं आवडत नाही. 1964 च्या वसंतात अनुदान आटलं आणि मोजणी काही काळ बंद पडली. ती फट आजही आलेखात आहे. ती आता कुणालाही भरता येणार नाही, कारण ती हवा गेली. कीलिंग 2005 मध्ये वारला. 2013 च्या मे महिन्यात तिथला दिवसाचा सरासरी आकडा पहिल्यांदा 400 च्या वर गेला. आज तो 420 च्याही वर आहे. 2022 मध्ये तिथे लाव्हाने रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावर यंत्र लावून लोकांनी मोजणी चालू ठेवली. त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं.

कीलिंगच्या मुलाने, राल्फने, दुसरी रेघ धरली, ऑक्सिजनची. इंधन जळताना ऑक्सिजन खर्च होतो. झाडांनी कार्बन घेतला तर ते ऑक्सिजन परत देतात, समुद्रात तो विरघळला तर ऑक्सिजन परत येत नाही. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की जमिनीने किती गिळलं आणि समुद्राने किती, याचा हिशेब लागतो. आपण हवेत सोडलेल्या कार्बनपैकी साधारण निम्माच हवेत उरतो, बाकीचा जंगलं, माती आणि समुद्र उचलतात. हे ओझं ती आणखी किती काळ उचलतील, हा माझ्या आयुष्यातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर माझ्या हयातीत पुरतं मिळणार नाही, हे पत्करूनच मी आत शिरले.

माझी वाटणी लहान आहे: एक टॉवर आणि त्याच्या आसपासची झाडं. टॉवरच्या टोकाला वाऱ्याची गती तिन्ही दिशांनी सेकंदाला दहा वेळा मोजली जाते, सोबत हवेतला कार्बन डायऑक्साइड. वर जाणारे आणि खाली येणारे भोवरे किती कार्बन वाहून नेतात, त्यावरून जंगलाचा ताळेबंद निघतो. वारा पडलेल्या रात्री हा हिशेब फसतो. हवा जमिनीलगत साचून राहते आणि टॉवरला वाटतं जंगल श्वासच घेत नाही. कुठला आकडा टाकून द्यायचा, हे शिकायला मला कित्येक वर्षं लागली.

एक चूक तुला कधी सांगितली नव्हती. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीव जागे होतात आणि काही तासांतच मातीतून कार्बनचा लोट उठतो. एका वर्षी मी त्या आधीच्या फेरीत बॅटरीची टोकं तपासली नाहीत. त्यांवर गंज चढला होता. पाऊस आला, जंगलाने श्वास सोडला, आणि लॉगरमध्ये, म्हणजे आकडे साठवणाऱ्या यंत्रात, एकोणीस दिवस कोरे. माझ्या आलेखात तेवढी जागा आजही रिकामी आहे. दर वर्षी त्या आठवड्यात माझं मन तिथे जातं.

आणखी एक रिकामी जागा आपल्या दाराच्या चौकटीवर आहे. तुझ्या उंचीच्या रेघांमध्ये सहावी-सातवीच्या रेघा नाहीत. मी तेव्हा महिनोन्‌महिने रानात होते. बाबा पट्टी घेऊन उभे राहायचे आणि तू म्हणायचीस, आई आल्यावरच. मी आले तोवर तू चार बोटं वाढली होतीस. हे काम ती किंमत मागतं. तुझ्यापासून ते लपवून तुला या वाटेवर बोलावणं मला जमणार नाही. पीएचडीनंतर बरीच वर्षं तात्पुरत्या जागा, तीन-तीन वर्षांची अनुदानं, आणि झाडाच्या हिशेबात तीन वर्षं म्हणजे काहीच नाही, हेही ओघाने आलंच. सांख्यिकी मात्र मनापासून शिक. मी ती उशिरा शिकले आणि फार अडले. नोंदी पेन्सिलीने करायच्या, पावसात शाई पसरते.

सुट्टीत येशील तेव्हा एक काम काढून ठेवलंय. ओढ्याकाठच्या जुन्या झाडाला छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायला मी बांधलेला पोलादी पट्टा तुला आठवत असेल, स्प्रिंगवाला. तू लहानपणी कॅलिपर धरून त्याच्या खाचेतलं अंतर वाचायचीस, मी वहीत लिहायचे. झाड एवढं भरलंय की स्प्रिंग पुरती ताणली गेली आहे. जुना पट्टा लगेच काढायचा नाही. त्याच्या जरा वर नवा बांधायचा आणि एक हंगाम दोन्ही वाचायचे, म्हणजे दोन रेघा जुळतात. खाच आता मला चष्म्यानेही धूसर दिसते. तू वाच, मी लिहीन.

तुझी,
आई