‘प्रेडेटर: बॅडलँड्स’ सबटायटलविना दाखवल्याबद्दल, आणि त्यावर मिळालेल्या उत्तरांबद्दल

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. तुमच्या ॲपवर माझ्या तक्रारीपुढे हिरव्या अक्षरांत ‘निराकरण झाले’ असं दिसतंय. निराकरण झालेलं नाही.

तुमच्याकडून भाड्याने घेतलेल्या ‘प्रेडेटर: बॅडलँड्स’मध्ये डेकच्या संवादांना सबटायटल येत नाहीत. डेक, म्हणजे परग्रहावरचा तो तरुण शिकारी, कोण हे तुम्हाला सांगायला लागू नये, सिनेमा त्याचाच आहे. सुरुवातीला त्याच्या ग्रहावर तो, त्याचा भाऊ आणि बाप. माणूस नाही, इंग्रजी नाही. बाप मोठ्या मुलाला सांगतो की या दुबळ्याला मारून टाक, आणि भाऊ ऐकत नाही. सगळी गोष्ट इथून सुरू होते. हे मला नंतर दुसरीकडे वाचून कळलं. पडद्यावर मला दिसलं ते एवढंच: तिघं एकमेकांवर गुरगुरले, एक मेला, एक यानातून उडून गेला.

पुढे जेन्ना ग्रहावर थिया भेटते. वेलंड-युतानी नावाच्या कंपनीने बनवलेली माणसासारखी यंत्रबाई, म्हणजे अँड्रॉइड, कमरेखालचं धड तुटलेली, तोंड मात्र अखंड चालू. ती इंग्रजीत बोलते, तो त्याच्या भाषेत उत्तर देतो. म्हणजे जवळजवळ सगळा सिनेमा शेजारी बसलेल्याचा फोन ऐकल्यासारखा, पलीकडचा काय म्हणाला ते आपलं आपण ताडायचं. सबटायटल सुरू केले तर थियाचं इंग्रजी शब्द न् शब्द खाली येतं आणि डेकने तोंड उघडलं की ‘परग्रहाच्या भाषेत बोलतो’. धन्यवाद. ते मला दिसत होतं.

आता तो फोन. ॲप बंद करून उघडा, कॅशे साफ करा, काढून परत टाका, हे सगळं झाल्यावर तुमचे प्रतिनिधी शांतपणे म्हणाले, “मॅम, तो एलियन आहे ना?”

मी म्हटलं, हो.

“मग एलियनची भाषा आपल्याला कशी कळणार, मॅम?”

मला वाटलं थट्टा चालली आहे. नव्हती. “डायरेक्टरने मुद्दाम तसं ठेवलं असेल. सस्पेन्स असतो.” मी विचारलं, तुम्ही पाहिलाय का हा सिनेमा? “हा नाही मॅम, पण जुने पार्ट पाहिलेत.” मी वरिष्ठांना मागितलं. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर ते आले आणि म्हणाले, “मॅम, ॲक्शन तर कळली ना? ॲक्शनला सबटायटल लागत नाहीत.” वर, पुन्हा एकदा, कॅशे साफ करायला सांगितलं.

1987 च्या पहिल्या ‘प्रेडेटर’ला हे उत्तर चाललं असतं. तेव्हा श्वार्झनेगरच्या मागे लागलेला तो प्राणी माणसांचेच आवाज टिपून त्यांना परत ऐकवायचा, आणि जंगलात धड दिसतही नव्हता. त्याच्या मनात काय चाललंय हे कळायची गरजच नव्हती, भीती त्यातच होती. पण या वेळी शिकारीच नायक आहे, बापाने टाकलेला मुलगा आहे. म्हणून तर त्याच्या जमातीची भाषा या सिनेमासाठी तज्ज्ञाकडून रचून घेतली. याच दिग्दर्शकाच्या, डॅन ट्रॅक्टनबर्गच्या, 2022 च्या ‘प्रे’मध्ये 1719 सालातली, कोमांची या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची मुलगी नायिका होती आणि तो अख्खा सिनेमा कोमांची भाषेत डब करूनही दिला होता. बनवणारे भाषेसाठी इतकी मेहनत घेतात आणि तुम्ही ती वाटेत सांडून वर मला सस्पेन्स शिकवता!

फोर्स्ड सबटायटल काय असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. सबटायटल बंद असले तरी परक्या भाषेतल्या वाक्यांपुरती आपोआप उमटणारी ती छोटी फाइल. ती तुम्ही चढवलेली नाही, किंवा चढवून जोडलेली नाही. माझ्या कॅशेमध्ये ती सापडणार नाही.

दरम्यान, प्ले दाबल्यापासूनचे 48 तास संपले. तक्रार ‘प्रक्रियेत’ असताना सिनेमा माझ्या यादीतून गेला. नंतर आपोआप एक संदेश आला: अनुभव कसा वाटला, तारे द्या. आता परत पाहायचा तर परत भाडं, आणि डेक अजूनही ‘परग्रहाच्या भाषेत बोलतो’.

मला पैसे परत हवेत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. कूपन नको, ‘पुढच्या भाड्यावर सूट’ तर मुळीच नको. सिनेमाच्या पानावर सबटायटल अपुरे असल्याचं आजच लिहा, म्हणजे निदान पुढचा माणूस फसणार नाही. आणि ते हिरवं ‘निराकरण झाले’ काढा, ते पाहून सगळ्यात जास्त डोकं फिरतं. सात दिवसांत काही झालं नाही तर हेच पत्र त्या कॉलच्या नोंदीसकट ग्राहक आयोगाकडे जाईल. कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. जरूर ऐका, विशेषतः सस्पेन्सचा भाग.

जुने सिनेमे नीट जपून ठेवणारी कंपनी म्हणून मी तुमच्याकडे आले होते. आपोआप होणारं नूतनीकरण मी आत्ताच बंद केलं. ते बटण कुठे लपवलंय यावर वेगळं पत्र लिहिता येईल.

उत्तर लेखी पाठवा. फोन नको.

एक ग्राहक, सदस्यत्व संपेपर्यंत